सोलापूरच्या शाळांतील गर्दी आणि सरासरीची फसवणूक

जून महिना उजाडला की सोलापुरात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. पहिली तक्रार पालकांची. शाळेत जागा नाही, एका बाकावर चार-चार मुले बसतात, एका वर्गात सत्तर मुले कोंबली आहेत. दुसरी तक्रार शासनाची. शाळांना मुले नाहीत, पट घसरला आहे, वर्गखोल्या रिकाम्या पडल्या आहेत, शिक्षक अतिरिक्त ठरत आहेत. आता सर्वसामान्य माणसाने यातले खरे काय मानायचे? ज्या शहरात वर्ग ओसंडून वाहतात त्याच शहरात वर्ग ओस कसे पडतात?

याचे उत्तर असे आहे की दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. जिथे मुले राहतात तिथे खोल्या नाहीत आणि जिथे खोल्या आहेत तिथे मुले उरलेली नाहीत. हा प्रश्न लोकसंख्येचा नाही, नियोजनाचा आहे. आणि नियोजन चुकले की त्याची किंमत नेहमी कोण मोजतो, हे आंबेडकरी समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

सोलापूर शहर कसे वाढले हे आधी पाहू. १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्याभोवती चाळी आल्या, पेठा वाढल्या आणि त्या वस्त्यांतून नगरपालिकेच्या शाळा निघाल्या. मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा चार भाषांत शिकवणारी ही शाळा म्हणजे कामगारांच्या मुलांचा एकमेव आधार होता. दलितांच्या वस्तीतला मुलगा, पद्मशाली विणकराची मुलगी, सेटलमेंटमधले भटक्या-विमुक्तांचे मूल आणि मोमीन घरातले पोर, सगळे या शाळांच्या पायऱ्या चढले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चाळी रिकाम्या होत गेल्या. १९९२ मध्ये शहराची हद्दवाढ झाली आणि भोवतालची खेडी महापालिकेत आली. माणसे जुन्या पेठांतून निघून हद्दवाढ भागात, पत्र्याच्या घरांत, गुंठेवारीच्या जागेवर राहायला गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांच्या वर गेली. माणसे हलली, पण शाळेच्या इमारती जिथे होत्या तिथेच राहिल्या. जुन्या पेठेतली शाळा ओस पडली आणि हद्दवाढीतली शाळा फुगली. रोगाचे मूळ इथे आहे.

या रोगाचे सर्वात मोठे उदाहरण आज सोलापूरच्या वेशीबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला उभे आहे. २००६ मध्ये तिथे विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, शिलाई काम करणाऱ्या भगिनी यांना हक्काचे छप्पर मिळाले. त्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या कामगार संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला. त्या लढ्याचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. झोपडीतून पक्क्या घरात जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु घर मिळाले म्हणजे माणूस वसला असे होत नाही. आता साधा हिशोब करू. तीस हजार घरांपैकी निम्म्याच घरांत पहिली ते आठवीच्या वयाचे एकेक मूल आहे असे धरा. कामगारांच्या कुटुंबांचा विचार करता हा अंदाज कमीच आहे. तरीही पंधरा हजार मुले झाली. शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक हवा आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी. म्हणजे एकट्या रे नगरसाठी साडेचारशे ते पाचशे वर्गखोल्या आणि तेवढेच शिक्षक लागतात. शेजारच्या दहा हजार घरांचा हिशोब वेगळाच. यापुढे कुणी पुढारी नारळ फोडून चार खोल्यांचे उद्घाटन करील, तेव्हा पाचशेचा हा आकडा वाचकांनी मनात ठेवावा. चार खोल्या म्हणजे शंभरातली एकही खोली नव्हे.

यात आणखी एक मेख आहे. ही घरे प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागातून झाली, राहायला आलेली माणसे सोलापूर शहरातली, पण कुंभारी गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले. म्हणजे घर शहरी आणि शाळा ग्रामीण. शाळेची जबाबदारी महापालिकेची नाही, जिल्हा परिषदेची आहे. या एका रेषेने काय होते ते पाहा. विडी कामगार बाई शहरातली झोपडी सोडून कुंभारीला गेली की तिच्या मुलाचे नाव महापालिकेच्या पटावरून कमी होते. महापालिकेच्या कागदावर त्याचा अर्थ 'पट घसरला' असा लिहिला जातो आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत तेच मूल जाऊन बसते. पण तिथे नवा शिक्षक लगेच मिळत नाही. शिक्षकांची पदे संचमान्यतेवर ठरतात, संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, त्या पटावरही आधार जुळलेल्याच मुलांना धरले जाते. मंजुरी यायची, मग भरती व्हायची, मग नेमणूक. तोवर मूल पहिलीतून तिसरीत गेलेले असते. मूल एका दिवसात स्थलांतर करते, पण त्याचा शिक्षक त्याच्यामागे दोन-दोन वर्षे येत नाही.

आधारची अट का आली हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पटावरची वीस लाखांच्या आसपास मुले वर्गात सापडली नव्हती. खोटी हजेरी लावून अनुदान लाटणाऱ्या संस्थाचालकांचे पितळ त्या वेळी उघडे पडले. त्यांना चाप हवाच होता. पण चाप लागला कुणाला? ज्याच्या आईचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, ज्याचा जन्म पालावर झाला, ज्याचे कुटुंब ऊसतोडीला जाते, त्या मुलाचे आधार जुळत नाही. ते मूल वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते, पण शिक्षक मोजताना ते धरले जात नाही. चोरी केली संस्थाचालकांनी आणि शिक्षा झाली पालावरच्या पोराला!

मग शासन नेहमी सरासरी पुढे करते. जिल्ह्यात इतके विद्यार्थी, इतके शिक्षक, म्हणजे प्रमाण उत्तम, असे सांगितले जाते. ही सरासरी कशी फसवते ते बघा. एका शाळेत आठ मुले आणि दोन शिक्षक आहेत. दुसऱ्या शाळेत एका खोलीत सत्तर मुले आणि एक शिक्षक आहे. दोन्ही मिळून अठ्ठ्याहत्तर मुले आणि तीन शिक्षक. सरासरी सव्वीस! कागद बघणारा म्हणेल, कायदा पाळला गेला, कुठे आहे गर्दी? पण त्या सत्तरातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारा. तिला फळा दिसत नाही. कायद्याने प्रमाण प्रत्येक शाळेत राखायला सांगितले आहे, जिल्ह्याच्या बेरजेत नव्हे. तेव्हा यापुढे ज्या सभेत सरासरी सांगितली जाईल त्या सभेत उठून शाळावार यादी मागितली पाहिजे.

आता या प्रश्नावर जे उपाय सुचवले जातात त्यांचा विचार करू.

पहिला उपाय समायोजनाचा. कमी पटाच्या शाळा बंद करा, मुले आणि शिक्षक मोठ्या शाळेत न्या, असे सांगितले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला होता. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकच सुसज्ज शाळा करायची आणि मुलांना वाहनाने आणायचे. लहान शाळेच्या अडचणी आम्ही नाकारत नाही. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, मुलांना खेळायला सवंगडी नाहीत, हे खरे आहे. पण लहान शाळा म्हणजे वाईट शाळा हे समीकरण सोलापूर जिल्ह्यानेच खोटे पाडले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार महागड्या इंटरनॅशनल शाळेच्या वाट्याला आला नाही, वस्तीवरच्या सरकारी शाळेच्या शिक्षकाला मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची कल्पना अशा शाळेतून निघाली.

शिवाय कुंभारीतला तुटवडा भरून काढायला वाडीवरची शाळा बंद करणे म्हणजे एका गरिबाच्या ताटातली भाकरी काढून दुसऱ्या गरिबाला देणे आहे. मूळ मुद्दा अंतराचा आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. ही मर्यादा उगाच घातलेली नाही. शाळा लांब गेली की सर्वात आधी मुलीचे नाव कमी होते. आई दिवसभर विड्या वळते, तिला रोज हजाराचा आकडा गाठायचा असतो. शाळा जवळ असेल तर मोठी मुलगी भावाला घेऊन शाळेत जाते. शाळा लांब गेली की ती भावाला सांभाळत घरी बसते आणि आईबरोबर सुपात पाने कातरू लागते. समूह शाळेच्या वाहनाचा ठेका एक दिवस थांबेल, मुलीचे शिक्षण मात्र कायमचे थांबेल.

अंतर म्हणजे बहिष्कार, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते, आणि तेही याच सोलापुरात. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने ४ जानेवारी १९२५ रोजी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. नगरपालिकेनेही त्याला अनुदान दिले. वसतिगृह का लागले? हायस्कूल तर शहरात होते. पण खेड्यातल्या महारवाड्यातला, मांगवाड्यातला मुलगा तिथवर पोहोचू शकत नव्हता. शाळा असणे आणि शाळेपर्यंत पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या वसतिगृहाचा धडा आहे. २०२५ मध्ये त्या घटनेला शंभर वर्षे झाली. त्या सोलापुरात आजही शाळेचे अंतर हाच वादाचा मुद्दा असेल तर शंभर वर्षांत आपण काय चाललो?

दुसरा उपाय दोन सत्रांचा. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी शाळा, म्हणजे तीच खोली दोनदा वापरता येते. तातडीचा उपाय म्हणून हे मान्य करता येईल. पण फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतरच भरवायला सांगितले. लहान मुलांची झोप व्हावी हा हेतू चांगला आहे. मात्र ज्या शाळेत खोल्याच अपुऱ्या आहेत तिने दोन सत्रे कशी बसवायची? ज्या शाळेत खोल्या भरपूर आहेत त्या शाळेला हा आदेश सोयीचा, ज्या शाळेत गर्दी आहे तिला तो अडचणीचा. दोन सत्रांत तास कमी होतात, खेळ आणि वाचन आधी कापले जाते, शिक्षक थकतो. म्हणून दोन सत्रे चालवायचीच असतील तर किती महिने चालवणार आणि नव्या खोल्या कोणत्या तारखेला मिळणार, हे लेखी दिले पाहिजे. आपल्याकडे तात्पुरती सोय हीच कायमची व्यवस्था होते, हा अनुभव आहे.

तिसरा उपाय खाजगी शाळांचा. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती करून कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा दिली गेली. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी होती, ती पुढे अनेक वर्षे रेंगाळली. एका हाताने सरकारी शाळेतला शिक्षक काढायचा आणि दुसऱ्या हाताने खाजगी शाळेचे दार उघडायचे, असा हा कारभार आहे. गरिबाला त्या दारात पंचवीस टक्के जागांचा हक्क कायद्याने दिला होता. पण ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना त्या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली म्हणून हक्क वाचला. एक प्रश्न मात्र राहतोच. सरकारी शाळा जवळ आहे या सबबीवर खाजगी शाळेला सूट द्यायची आणि पट कमी आहे या सबबीवर तीच सरकारी शाळा बंद करायची, तर गरिबाच्या मुलाने जायचे कुठे?

शेवटी पैशाचे रडगाणे येते. तिजोरीत पैसा नाही म्हणून खोल्या नाहीत, असे म्हणतात. ही सबबही जुनी आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याच्या मुलाच्या प्राथमिक शाळेला काही उरत नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी एका लहान संस्थानाच्या उत्पन्नातून सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखवले. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारच्या तोंडावर आकडे फेकले. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. सोलापूरची तर गोष्टच वेगळी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. रस्ते, चौक, तलाव यांच्या सुशोभीकरणाला पैसा मिळाला. शहर स्मार्ट होत असताना शाळेची खोली त्या आराखड्यात पहिल्या ओळीत का नव्हती? पैसा नसतो असे नाही, पैसा कुणासाठी काढायचा हे ठरलेले असते.

आता थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. महापालिकेच्या शाळेत शिकून नोकरीला लागलेला आमचा माणूस आज आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, प्रत्येक बाप आपल्या मुलाचे भले पाहतो. पण मूल काढून घेतले म्हणून शाळेशी नातेही तोडायचे का? सुशिक्षित माणूस शाळेतून बाहेर पडला की शाळेत प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिका आणि जिल्हा परिषद या दोन्ही संस्थांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात सभागृहात शाळेचा प्रश्न मांडायला लोकप्रतिनिधीही नव्हता. म्हणून समाजाची जबाबदारी अधिक आहे.

आणि या कामाला कायद्याचे हत्यारही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि त्या आराखड्याच्या आधारे शासनाने अनुदान द्यायचे असते. म्हणजे पाचशे खोल्यांची मागणी करण्याचा अधिकार मंत्र्याच्या कृपेवर अवलंबून नाही, तो विडी वळणाऱ्या आईच्या सहीवर अवलंबून आहे. तक्रार असेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची आणि तीन महिन्यांत निर्णय मागायचा. किती समित्या कागदावर आहेत आणि किती प्रत्यक्षात बसतात, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीत पाहावे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महापालिका आणि जिल्हा परिषदेने एकत्र बसून रे नगर, गोदूताई वसाहत आणि हद्दवाढ भागातल्या मुलांची घरोघर गणना करावी. शहरात अतिरिक्त ठरलेला शिक्षक हद्दीची रेषा ओलांडून मुलांच्या मागे पाठवावा आणि मान्यतेचा कागद नंतर करावा. आधार नसलेले पण वर्गात बसणारे मूल पटावर मोजावे. जुन्या पेठांतल्या रिकाम्या शाळांच्या जागा कुणा बिल्डरच्या घशात घालू नयेत. त्या जागांत अभ्यासिका आणि मुलींची वसतिगृहे काढावीत. आणि वाडीवरची एकही शाळा पालकांच्या ठरावाशिवाय बंद करू नये.

बाबासाहेबांनी सोलापुरात वसतिगृह काढले तेव्हा समाजाकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती, मतदानाचा अधिकारही मूठभरांना होता. आज मताचा अधिकार प्रत्येकाला आहे, कायदा आहे, घरेही मिळाली आहेत. उणीव आहे ती शाळेच्या दारात जाऊन हिशोब मागणाऱ्यांची. येत्या जयंतीला मिरवणुकीचा एक दिवस कमी करा आणि तो आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीला द्या. शेवटच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीला फळा दिसला पाहिजे, जयंतीचा खरा अर्थ तोच आहे.